हलक्या विमानाचे भरवशाचे आकडे कुठे शोधायचे, कसे वाचायचे

सेसना १७२एस हे विमान किती वेगाला स्टॉल होते, म्हणजे कोणत्या वेगाखाली पंखांची उचल ढासळते, हे शोधायला बसलात तर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली वळणारी झडप) पूर्ण खाली असतानाचा आकडा एका पानावर ४० नॉट (ताशी सागरी मैल) मिळेल आणि दुसऱ्या पानावर ४८. दोन्ही पाने त्याच विमानाच्या अधिकृत पुस्तिकेतली आहेत आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत. ४० हा वैमानिकाला समोरच्या वेगदर्शकावर दिसणारा वेग. ४८ हा मोजणीतली चूक वजा केल्यानंतरचा, म्हणजे कॅलिब्रेटेड वेग. नाक बरेच वर असताना समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या पिटो नळीत हवा तिरकी शिरते, भोवतालच्या हवेचा दाब घेणाऱ्या स्टॅटिक छिद्रापाशीचा दाबही बदलतो, आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागतो.

हा फरक पुस्तकी नाही. अप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा, वेग स्टॉलच्या १.३ पट ठेवायचा, हा ढोबळ नियम बहुतेकांना पाठ असतो. ४० ला १.३ ने गुणले तर ५२ नॉट येतात, ४८ ला गुणले तर सुमारे ६२. पुस्तिकेत शॉर्ट फील्ड, म्हणजे आखूड धावपट्टीवरच्या, लँडिंगसाठी दिलेला वेग काट्यावरचे ६१ नॉट आहे. म्हणजे गुणाकार कॅलिब्रेटेड वेगाचा करायचा असतो. ५२ नॉटांनी धावपट्टीकडे येणाऱ्याने आकडा खराच घेतला, पण चुकीच्या रकान्यातला.

हलक्या विमानांच्या माहितीत सगळी गोची इथेच आहे. साफ खोटे आकडे फार कमी भेटतात. भेटतात ते अटी गळून पडलेले आकडे. वजन किती, तापमान किती, फ्लॅप किती, धावपट्टी कसली, एकक कोणते, एवढे सोबत नसेल तर तो आकडा कामाचा नाही, तो कितीही प्रतिष्ठित ठिकाणी छापलेला असो.

कोणत्या कागदात काय असते

पहिला कागद पायलट्स ऑपरेटिंग हँडबुक, म्हणजे पीओएच. अमेरिकेतल्या हलक्या विमानांच्या उत्पादकांची संघटना गामा हिने १९७५ मध्ये या पुस्तिकेचा साचा ठरवून दिला. तेव्हापासून प्रकरण २ मध्ये मर्यादा, ५ मध्ये कामगिरीची कोष्टके, ६ मध्ये वजन आणि संतुलन, ९ मध्ये पुरवण्या, हा क्रम जवळजवळ सगळीकडे सारखा सापडतो. त्याआधीच्या विमानांबरोबर ओनर्स मॅन्युअल नावाची बारकी पुस्तिका येई. तिच्यातली कोष्टके त्रोटक असतात. १९६० च्या दशकातल्या १७२ च्या मॅन्युअलमध्ये टेकऑफचे अंतर प्रत्येक उंचीच्या फक्त प्रमाणित तापमानाला दिलेले आहे, आणि खाली एक ओळ: तापमान त्याहून दर २५ अंश फॅरेनहाइट जास्त असेल तर अंतर १० टक्के वाढवा. उन्हाळ्याचा सगळा हिशेब त्या एका ओळीवर.

अमेरिकेत, १ मार्च १९७९ पर्यंत ज्या विमानाने एकही उड्डाण केले नव्हते अशा प्रत्येक विमानाला त्याचे स्वतःचे मंजूर फ्लाइट मॅन्युअल असावेच लागते. 'स्वतःचे' हा शब्द महत्त्वाचा. विमानात ठेवलेल्या पुस्तिकेवर त्याच विमानाचा अनुक्रमांक असतो आणि तिच्यात वेळोवेळी सुधारित पाने घातली जातात. दुकानात किंवा पीडीएफ रूपात मिळणारी पायलट्स इन्फर्मेशन मॅन्युअल दिसायला तशीच असते, पण छापली तेव्हाच्या तारखेला गोठलेली. अभ्यासाला ती उत्तम. उड्डाणाचा हिशेब मात्र विमानातल्या प्रतीवरून करावा.

दुसरा कागद टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, टीसीडीएस. हा सरकारी नियामकाचा, फुकट मिळणारा आणि विलक्षण कोरडा कागद. सेसना १७२ चा क्रमांक ३ए१२, सेसना १५० आणि १५२ चा ३ए१९, पायपरच्या पीए-२८ कुटुंबाचा २ए१३. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, डायनॅमिक रेग्युलेटरी सिस्टम या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की शीट उघडते. युरोपात प्रमाणित झालेल्या विमानांसाठी तिथली नियामक संस्था ईएएसए तशीच यादी ठेवते. यात इंजिन, इंधनाची प्रत, प्रोपेलर, कमाल वजन, गुरुत्वमध्याची हद्द, वेगांच्या मर्यादा आणि कोणत्या अनुक्रमांकांना काय लागू, हे सगळे मिळते. टेकऑफचे अंतर किंवा क्रूझचा, म्हणजे सरळ प्रवासातला, वेग मात्र यात शोधू नका, ते इथे नसतातच. जुन्या शीटमधले वेग बहुधा कॅलिब्रेटेड आणि कधी ताशी मैलांत असतात, हेही ध्यानात ठेवा.

टीसीडीएस आधी वाचण्याचे खरे कारण वेगळे आहे. 'सेसना १७२' नावाचे एक विमान नाहीच. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या आणि १९५६ च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या या विमानाला आधी १४५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन होते. १९६८ मध्ये १५० अश्वशक्तीचे लायकमिंग आले, १९७७ मध्ये १६० चे. १९९८ पासूनच्या १७२एसला १८० अश्वशक्ती मिळते. कमाल वजन २,२०० पौंडांपासून सुरू होऊन २,५५० पौंडांपर्यंत गेले. वाहतूक नियंत्रणाच्या भाषेत मात्र ही जवळपास सगळी विमाने 'सी१७२' या एकाच संकेतात बसतात. म्हणून त्या संकेतावर रचलेल्या डेटाबेसमधला चढाईचा दर किंवा क्रूझचा वेग कोणत्या १७२ चा, हे विचारण्यात अर्थ नसतो. युरोपातली हवाई वाहतूक नियंत्रणाची संघटना युरोकंट्रोल हिचा असा एक डेटाबेस उपयुक्त आहे, पण तो नियंत्रकांना विमानांची ढोबळ वागणूक शिकवण्यासाठी आहे, तुम्हाला धावपट्टी पुरेल का हे सांगण्यासाठी नाही. विकिपीडियावरचा आकडाही याच चाळणीतून घ्या: कोणते मॉडेल, कोणते वर्ष, मूळ कागद कोणता. या तिन्हींची उत्तरे नसतील तर तो आकडा गप्पांपुरता.

कोष्टक वाचताना

आता प्रकरण ५. १७२एसच्या माहितीपत्रकातला ठळक आकडा असा: टेकऑफसाठी जमिनीवरची धाव ९६० फूट, ५० फुटी अडथळा ओलांडेपर्यंतचे अंतर १,६३० फूट. याच्या अटी कोष्टकाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत असतात. वजन २,५५० पौंड, फ्लॅप १० अंश, ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल आणि मगच ब्रेक सोडणे, पक्की, सपाट, कोरडी धावपट्टी, वारा शून्य, ५१ नॉटांना जमीन सोडणे, ५० फुटांवर ५६ नॉट. आणि ठळक आकड्यासाठी समुद्रसपाटी व १५ अंश सेल्सिअस. ही शॉर्ट फील्डची पद्धत आहे. रोजच्यासारखे हळूहळू थ्रॉटल देत, धावपट्टीचे पहिले शंभर-दोनशे फूट मागे टाकत निघालात तर कोष्टक तुमच्यासाठी लिहिलेले नाही.

मे महिन्यातले नागपूर घेऊ. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,००० फूट उंच. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला हवेचा दाब, १,००२ हेक्टोपास्कल धरू. प्रमाणित १,०१३ पेक्षा ११ कमी, दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाणित दाबावरून मोजलेली उंची, सुमारे १,३३० फूट. तापमान ४० अंश. पुस्तिकेत ४० अंशांच्या रकान्यात १,००० फुटांना १,२६० आणि २,१३५ फूट आहेत, तर २,००० फुटांना १,३८० आणि २,३५५. दोन ओळींमधल्या फरकाचा एक तृतीयांश घेतला की धाव १,३०० फूट आणि ५० फुटांपर्यंतचे अंतर सुमारे २,२१० फूट येते. माहितीपत्रकापेक्षा ३५ टक्के जास्त, आणि विमानात, वाऱ्यात, धावपट्टीत काहीही बिघडलेले नसताना.

डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची, काढायची झाली तर त्या उंचीचे प्रमाणित तापमान सुमारे १२ अंश. फरक २८ अंशांच्या आसपास, दर अंशाला १२० फूट, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूडमध्ये आणखी ३,३०० फूट. विमानाला आपण साधारण ४,६५० फुटांवर आहोत असे वाटते. इथे एक चूक हमखास होते. पीओएचच्या कोष्टकात शिरताना प्रेशर अल्टिट्यूड आणि तापमान वेगवेगळे घालायचे असतात. डेन्सिटी अल्टिट्यूड काढून तीच उंचीच्या जागी घातली आणि पुन्हा ४० अंशांचा रकाना पाहिला, तर उष्णता दोनदा मोजली जाते.

यापुढची गोष्ट जास्त गंभीर. कोष्टक ४० अंशांना संपते. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. रेषा पुढे ओढून आकडा काढण्याचा मोह होतो, पण कोष्टकाबाहेर उत्पादकाने काहीही कबूल केलेले नाही. उड्डाण पहाटे करावे किंवा वजन कमी करावे, एवढेच हातात असते. वजन कमी केल्याचा परिणाम मोजता येतो, कारण १७२एसच्या पुस्तिकेत २,४०० आणि २,२०० पौंडांची वेगळी कोष्टके दिलेली आहेत.

दमटपणा तर कोष्टकात मुळीच नसतो. कोकणात किंवा गोव्यात ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर हवेतल्या बाष्पामुळे डेन्सिटी अल्टिट्यूड आणखी सुमारे ५०० फुटांनी वाढते. धाव लांबते, चढाई मंदावते, आणि बाष्पाने ऑक्सिजनची जागा घेतल्यामुळे इंजिनाची ताकदही थोडी घटते.

कोष्टकाखालच्या टिपा तर वरच्या आकड्यांइतक्याच मोलाच्या. १७२एससाठी समोरून वारा असेल तर दर ९ नॉटांमागे अंतर १० टक्के कमी धरायचे. पाठीमागून असेल तर दर २ नॉटांमागेच १० टक्के वाढवायचे. ४ नॉटांची पाठची झुळूक, जी विंडसॉकवर धड दिसतही नाही, समोरच्या १८ नॉटांची कमाई पुसून टाकते. कोरड्या गवतावर टेकऑफला जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के भर घालायची, लँडिंगला ४५ टक्के, कारण गवतावर ब्रेक धरत नाहीत. ओल्या गवताबद्दल पुस्तिका गप्प आहे.

पुस्तिका गप्प असते तिथे ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचे सेफ्टी सेन्स मालिकेतले कामगिरीवरचे पत्रक कामी येते. टेकऑफसाठी त्यातले गुणक असे: वजन १० टक्के जास्त असेल तर १.२०, दर १,००० फूट उंचीला १.१०, दर १० अंशांना १.१०, कोरड्या गवताला १.२०, ओल्या गवताला १.३०, २ टक्के चढाला १.१०. ते बेरजेने नव्हे, एकमेकांशी गुणून लावायचे. जे घटक तुमच्या कोष्टकाने आधीच मोजले ते पुन्हा लावायचे नाहीत. शेवटी सुरक्षेचा गुणक: टेकऑफला १.३३, लँडिंगला १.४३. आपल्या नागपूरच्या २,२१० फुटांना १.३३ ने गुणले की सुमारे २,९४० फूट, म्हणजे जवळपास ९०० मीटर होतात. हा गुणक भित्रेपणाचा नाही. कोष्टक सुस्थितीतल्या विमानाच्या चाचण्यांवरून बनलेले असते, आणि तुमचे विमान वीस वर्षे जुने, इंजिन अर्धे आयुष्य जगलेले, प्रोपेलरच्या कडा दगडांनी टोचलेल्या असतात.

लँडिंगला वैमानिकाच्या हाताचाही वाटा मोठा. थांबायचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. ६१ ऐवजी ६७ नॉटांनी आलात, म्हणजे फक्त १० टक्के जास्त, तर अंतर सुमारे २० टक्के वाढले.

माहितीपत्रकातली हातचलाखी

पल्ला हा सगळ्यांत लवचिक आकडा. १७२एसच्याच पुस्तिकेत ८,५०० फुटांवर ७५ टक्के शक्तीने ५१८ सागरी मैल आणि १०,००० फुटांवर ४५ टक्के शक्तीने ६३८ सागरी मैल असे दोन पल्ले आहेत, दोन्हींत ४५ मिनिटांचे राखीव इंधन धरून. जाहिरातीला यातला कोणता आवडतो ते सांगायला नको. वर १२४ नॉटांचा क्रूझ वेगही त्याच चौकटीत छापला की वाचणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतील असे वाटते. ६३८ मैल हवे असतील तर वेग बराच कमी ठेवावा लागतो. शिवाय हे वेग चाकांवर फेअरिंग, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारी टोपणे, असलेल्या विमानाचे आहेत. चिखल अडकतो म्हणून ती काढून ठेवली असतील तर साधारण २ नॉट गेले. हे आकडे इंधन-हवेचे मिश्रण सांगितल्याप्रमाणे पातळ केले, म्हणजे त्यातले इंधन कमी केले, तरच खरे. मिश्रण पातळ न करता उडणाऱ्याला तो पल्ला कधीच मिळत नाही.

वजनाचे तसेच. माहितीपत्रकातले प्रमाणित रिकामे वजन १,६६३ पौंड, वाहता येण्याजोगे ८९५. पूर्ण टाकी, म्हणजे वापरता येणारे ५३ गॅलन, ३१८ पौंडांची. उरले ५७७ पौंड, साधारण २६२ किलो. चार आसनांच्या विमानात तीन जण आणि थोडेसेच सामान. त्यातही तुमच्या विमानात नंतर बसवलेली उपकरणे ५० पौंडांची असतील तर ते यातूनच जातात. म्हणून रिकामे वजन माहितीपत्रकातून कधीच घेऊ नये. ते त्या विमानाच्या शेवटच्या वजनमापाच्या नोंदीतून घ्यावे. भारतात नोंदलेल्या विमानासाठी हा कागद वेट शेड्यूल.

एककांबद्दल थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सेसनाचे वेगदर्शक ताशी मैलांत असत. १२० मैल म्हणजे १०४ नॉट. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकन ३.७९ चा. आणि 'वेग' एवढाच शब्द असेल तर तो खरा हवाई वेग की काट्यावरचा, हे बघा: ८,००० फुटांवर काट्यावर १०० नॉट दिसत असताना खरा वेग ११५ च्या आसपास असतो.

हलक्या स्पोर्ट विमानांच्या जाहिरातींत १२० नॉट हा आकडा पुन्हा पुन्हा दिसण्यामागेही एक कारण आहे. अमेरिकेच्या २००४ च्या नियमाने या वर्गाला समुद्रसपाटीवर १२० नॉटांची आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानांना ६०० किलोंची मर्यादा घातली होती, आणि सगळ्यांनाच मर्यादेला टेकायचे होते. या वर्गात उत्पादक मानकांची पूर्तता स्वतःच जाहीर करतो, नियामक प्रत्येक आकडा तपासून शिक्का मारत नाही. याचा अर्थ आकडे खोटे असा नव्हे, पण अटींची विचारपूस दुप्पट करावी. घरी बांधलेल्या विमानांबाबत तर किट कंपनीचा आकडा तिच्या स्वतःच्या नमुना विमानाचा असतो. व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेच्या तक्त्यांत एकट्या वैमानिकाच्या वजनाला आणि कमाल वजनाला वेगवेगळे आकडे देतात, ही चांगली पद्धत आहे. तुमच्या शेजाऱ्याने बांधलेल्या विमानाचे आकडे मात्र त्याच्या चाचणी-उड्डाणांच्या नोंदवहीतच असतील, दुसरीकडे कुठेच नाहीत.

वापरलेले विमान समोर असेल तर

अनुक्रमांकापासून सुरुवात करा. तो टीसीडीएसच्या कोणत्या गटात बसतो ते पाहा, मग त्याच गटाची पीओएच आणि तिचे सुधारणा-पान जुळते का ते तपासा. नंतर प्रकरण ९. इंजिन बदलले असेल, पंखांवर व्हॉर्टेक्स जनरेटर (हवा पंखाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) किंवा स्टोल किट (आखूड धावपट्टीसाठीचे बदल) बसवले असेल, तर त्यासाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे बदलाला नियामकाची मंजुरी, आणि मॅन्युअलची पुरवणी असायला हवी. पुष्कळ पुरवण्यांत कामगिरीबद्दल 'बदल नाही' एवढेच असते. याचा अर्थ सुधारणा झाली तरी हिशेब मूळ कोष्टकावरच करायचा. किट विकणाऱ्याच्या पत्रकातले कमी अंतर धरायचे नाही. अमेरिकेत नोंदलेल्या विमानाच्या मोठ्या बदलांचे फॉर्म ३३७ ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयाकडून मागवता येतात. विमानात पुरवणी नसेल पण तिथे फॉर्म असेल, किंवा उलट, तर आधी ते निस्तरा.

मग विमान कोष्टकाच्या किती जवळ आहे ते मोजा. सर्वांत स्वस्त तपासणी जमिनीवरच होते: ब्रेक धरून, वारा नसताना, पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे पाहायचे. १७२एससाठी टीसीडीएसमधली हद्द २,३०० ते २,४०० आहे. त्याखाली आले तर इंजिन दमले आहे, किंवा प्रोपेलर वेगळ्या पिचचा, म्हणजे पात्यांच्या वेगळ्या तिरपेपणाचा, आहे, किंवा टॅकोमीटर चुकतो आहे. टॅकोमीटरचा संशय हातात धरायच्या प्रकाशीय टॅकोमीटरने लगेच फिटतो. वर आले तरी खूश होऊ नका: प्रोपेलर चढाईच्या पिचचा असेल, तर टेकऑफ चांगला आणि क्रूझ कमी.

क्रूझचा वेग तपासायला जीपीएस पुरतो. शांत हवेत, ठरावीक प्रेशर अल्टिट्यूडला आणि फेऱ्यांना, दिशादर्शकावर ३६०, १२० आणि २४० अशा तीन दिशा प्रत्येकी दोनेक मिनिटे धरा आणि तिन्हींच्या जमिनीवरच्या वेगाची सरासरी काढा. वारा २० नॉट असला तरी ११० नॉटांच्या विमानात या सरासरीत एका नॉटाचीही चूक येत नाही. बाहेरचे तापमान लिहून ठेवा, नाहीतर कोष्टकाशी ताडून पाहता येणार नाही. चढाईसाठी पुस्तिकेतला वेग धरून १,००० फूट चढायला लागणारे सेकंद मोजा. उभ्या वेगाच्या काट्यावर विसंबू नका, तो मागे रेंगाळतो. दोन्ही चाचण्यांत निघतानाचे वजन आणि मधे जळलेले इंधन नोंदवा.

टेकऑफच्या धावेचे माप धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवरून घेता येते, पण त्यांच्यातले अंतर आधी विमानतळाच्या माहितीत पाहून घ्या; ते सगळीकडे सारखे नसते. आणि प्रत्येक टेकऑफला लागू पडणारी एक तपासणी अशी: धावपट्टीच्या मध्याची खूण आधीच ठरवा आणि तिथे जमीन सोडण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला का ते पाहा. १७२एसच्या ५१ नॉटांसाठी हा वेग ३६ नॉट. वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढत असल्याने ७० टक्के वेगाला साधारण निम्मी धाव खर्च झालेली असते. खुणेपाशी काटा ३६ च्या खाली असेल तर थ्रॉटल मागे घ्यायचे. थांबायला तेवढीच धावपट्टी उरते आहे ना, हे मात्र लँडिंगच्या कोष्टकावरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवलेले असावे.